खाडीच्या तळाचा काळा गाळ

हैदराबादच्या सुलतान बाजारापासून मुसी नदी फार दूर नाही. शहरातील सांडपाणी, सडका भाजीपाला आणि पालापाचोळा यांचा मोठा वाटा नाल्यांवाटे तिच्यात उतरतो. वाडपल्लीजवळ मुसी कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे बंगालच्या उपसागराला. वाटेत पुलिचिंतला धरण आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. जो सेंद्रिय गाळ तेथे गोड्या पाण्यात अडतो आणि जो मुखाजवळच्या खारफुटीत पोहोचतो, त्या दोहोंचे भवितव्य निराळे असते.

दोन्हीकडे गाळातील प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखालच्या जिवाणूंना कुजवण्यासाठी दुसरे साधन लागते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते. खाऱ्या चिखलातील जिवाणू ते वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीच्या वेळी चोडण बेटावर येणारा कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच. हा वायू लोहाशी संयोग पावला की चिखल काळा पडतो आणि कालांतराने त्यात पायराइट साठते. गोड्या पाण्यात सल्फेट थोडे, म्हणून तेथे मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची सरशी होते. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता अडवणारा वायू आहे. खाऱ्या दलदलींची महती सांगताना ही बाजू सहसा वगळली जाते.

गाळ मुळात कोठला, हे कार्बन व नायट्रोजन यांच्या प्रमाणावरून पडताळतात. पाण्यातील सूक्ष्म शैवालात नायट्रोजनच्या एका अणूमागे कार्बनचे सहा-सात अणू असतात. लाकूड व जमिनीवरील पानांत वीसहून अधिक. मात्र सांडपाण्यातील नायट्रोजन हा हिशेब बिघडवतो. त्यामुळे कार्बनच्या समस्थानिकांचीही साक्ष काढावी लागते. एकाच आकड्यावर विसंबून ‘हा कार्बन खारफुटीचा’ असे म्हणणे धाडसाचे होय.

गोव्याच्या दृष्टीने खरा प्रश्न उपशाचा आहे. खाडीतून वा खाजनातून काढलेला काळा गाळ काठावर उन्हात टाकला, की शतकानुशतके हवेपासून दूर राहिलेला कार्बन कुजू लागतो. पायराइटला हवा व ओलावा मिळतो आणि त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. अशा आम्लाने भाताची मुळे करपतात, मातीतील ॲल्युमिनियम मोकळे होते आणि ते पाणी ओहोळात उतरले तर मासळीलाही जाच होतो. भराव घालून खाजन कोरडे केले तरी परिणाम तोच. फरक एवढाच, की तो डोळ्यांआड घडतो.

खाजनांच्या रचनेत या धोक्यावर एक उतारा आपसूकच आहे. बांधामुळे भरतीचे खारे पाणी बाहेर राहते. पावसाळ्यात साचलेले गोडे पाणी ओहोटीला मानशीतून बाहेर सोडले, की त्याबरोबर क्षार व आम्ल बरेचसे धुऊन जाते आणि शेत ओले राहिल्याने खालच्या काळ्या थराला हवा लागत नाही. मानशीची दारे मोडली किंवा बांध दुरुस्तीवाचून खचला, तर ही व्यवस्था पहिल्याच उधाणाला कोलमडते.