फोन कुणाचा, परवानगी कुणाची?

मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे यांचा फोन २०१९ मध्ये चोरून ऐकला गेला, असा आरोप झाला. शिवसेनेचे नेते संजय राऊत यांचेही नाव त्यात होते. २०२२ मध्ये मुंबईत कुलाबा पोलिसांनी, २०१९ मध्ये राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख असलेल्या रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा नोंदवला. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण खटला चालवायला राज्य सरकारनेच मंजुरी नाकारली होती. मधल्या काळात सरकार बदलले होते. आरोप खरा की खोटा, याचा साक्षीपुराव्याने निवाडा झालाच नाही.

राज्य पोलिसांना फोन ऐकायला एरवी राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवत नेला तरी १८० दिवसांपलीकडे नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी मोजकीच कारणे चालतात. आदेशाची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत आढावा समितीकडे जाते. ही चौकट १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आली. पण समितीत बसतात मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव. म्हणजे परवानगी देणारेही सरकारी, तपासणारेही सरकारीच. न्यायाधीश एकही नाही.

ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवायचे बंधन नाही. खडसे माजी मंत्री, म्हणून निदान बोभाटा तरी झाला. धुळ्याच्या एखाद्या दुकानदाराने तक्रार करायची ती कशाच्या आधारावर?