एक चूल, अनेक सरपण : बसविताना आणि वापरताना घ्यावयाची काळजी

आगोटीचे दिवस आले की महाडच्या बाजारपेठेत आणि बिरवाडीच्या नाक्यावर मीठ-मिरची, सुकी मासळी आणि ताडपत्री घेणाऱ्यांची गर्दी होते. पुढे वरंधच्या बाजूला गेले की घरोघरी आणखी एक काम चालू दिसते. पडवीत लाकडे रचली जातात, शेणी कोरड्या जागी उचलून ठेवल्या जातात, नारळाच्या करवंट्या पोत्यात भरल्या जातात. स्वयंपाकघरात गॅस आहे, तरी मागील दारी चूल आहेच. चहा आणि घाईची भाजी गॅसवर होते. भाकरी, आंघोळीचे पाणी आणि कार्याचा मोठा टोप चुलीवर चढतो.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर पोहोचला. परंतु २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली, वीज गेली आणि रस्ते अडले, तेव्हा दुसऱ्या सरपणाची किंमत सर्वांनाच कळली. अडचणीच्या वेळी लाकूड, तूस, करवंटी, कोळसा, हाताशी येईल ते जाळता येणारी चूल घरात असणे शहाणपणाचे आहे. मात्र अशी चूल बसविण्यात आणि वापरण्यात चूक झाली तर ती घर जाळू शकते आणि न जाळताही जीव घेऊ शकते. म्हणून आजचा हा लेख, घरच्या वाचकांसाठी आणि चूल, धुराडे, शेगडी बनविणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांसाठीही.

प्रत्येक सरपणाची हवा वेगळी

अनेक सरपणांची चूल म्हणजे केवळ मोठ्या तोंडाची चूल नव्हे. लाकूड तापले की त्यातून जळाऊ वायू निघतो आणि ज्वाळा त्याची असते. त्या ज्वाळेला वरून आणि बाजूने हवा लागते. कोळशाचे तसे नाही. तो जागच्या जागी निखारा होऊन जळतो, त्याला हवा खालून हवी. म्हणून कोळशाला बिडाची जाळी आणि जाळीखाली राखेचा कप्पा लागतो. जाळीखाली राख साचली की कोळसा गुदमरतो आणि बिडाची जाळीही तापून वाकते. लाकूड मात्र थोड्या राखेच्या थरावर चांगले जळते. दोन्हींसाठी एकच चूल हवी असेल तर जाळी काढता-घालता येणारी असावी आणि खालच्या कप्प्याला उघडझाप करता येणारे दार असावे.

भाताचे तूस आणि लाकडाचा भुसा यांची तऱ्हा तिसरीच. ते चुलीत मुठीने टाकले तर नुसता धूर होतो. त्यासाठी डब्याची शेगडी हवी. डब्याच्या मधोमध बाटली किंवा नळी उभी धरायची, भोवती तूस ठासून भरायचे, मग नळी हळूच काढून घ्यायची. खालच्या बाजूच्या भोकातून पेटविले की मधल्या पोकळीतून आच वर येते आणि चांगला वेळ टिकते. पेटल्यावर तिला हलवू नये, ढोसू नये, वरून तूस ओतू नये. ठासलेला भाग ढासळला की एकदम भडका उठतो. ही शेगडी पडवीत किंवा अंगणातच लावावी.

जुन्या योजनेचा धडा

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने १९८३ साली सुरू केला. धुराड्याच्या चुली गावोगावी बसल्या. २००२ साली केंद्राने हा कार्यक्रम बंद करून पुढील काम राज्यांवर सोपविले. आज त्यातल्या फार थोड्या चुली शिल्लक आहेत. कारणे साधी होती. कोणी मोठे भांडे बसावे म्हणून चुलीचे तोंड फोडले, कोणी धुराडे कधी साफ केले नाही, आणि मोडलेला नळ बदलून देणारा माणूस जवळपास नव्हता. १९९६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने पुढे चुलींचे साचे केले आणि कारागिरांना शिकविले. चूल हा विकण्याचा आणि विक्रीनंतर सांभाळण्याचा धंदा आहे, ही गोष्ट त्यातून पुढे आली. आमच्या व्यापारी बांधवांनी हे लक्षात ठेवावे.

जागा आणि ओटा

चूल दगड, चिरा किंवा विटांच्या ओट्यावर बसवावी. लाकडी फळीवर किंवा माळ्याच्या जमिनीवर कधीही नको. चुलीसमोर निदान दीड-दोन फूट जागा मोकळी आणि न जळणारी असावी, कारण ठिणगी पुढेच पडते. वर लाकडाची मांडणी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, पेंढा यांपैकी काही नको.

मातीच्या चुलीत तूस किंवा बारीक पेंढा मिसळून माती चांगली मुरवावी. मजबुतीसाठी आतून सिमेंटचा गिलावा करणारे गवंडी आम्ही पाहिले आहेत. साधे सिमेंट चुलीची आच सोसत नाही, तडकते आणि पापुद्रे सुटतात. सिमेंट बाहेरच्या ओट्याला वापरा. आगीच्या बाजूला माती किंवा भट्टीची वीट ठेवा.

गॅसचा सिलिंडर आणि चूल एका खोलीत नसावेत, मध्ये निदान पक्की भिंत असावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरत जातो आणि खाली पेटत्या चुलीपर्यंत पोहोचतो.

धुराडे : खरे काम इथेच

आमच्याकडची बहुतेक घरे कौलारू, आणि कौलांखाली सागाचे वासे व रिपा. तापलेला नळ या लाकडाला टेकला तर लाकूड लगेच पेटत नाही. ते महिनोन् महिने वाळत आणि करपत जाते, आणि एका रात्री पेटते. म्हणून एकेरी पत्र्याच्या नळापासून लाकूड सर्व बाजूंनी दीड फूट दूर असावे. जिथे छपरातून नळ जातो तिथे वासा आड येत असेल तर नळाची जागा बदला. एवढी जागा मिळतच नसेल तर एकेरी नळ छपरातून नेऊ नका. विटांचे धुराडे उभारा किंवा मध्ये उष्णतारोधक भरलेला दुहेरी नळ घ्या.

नळ सरळ वर जावा. खिडकीतून आडवा काढलेला नळ धूर ओढत नाही, त्यात काजळी मात्र साचते. वळण द्यावेच लागले तर तिरके द्या, काटकोनात नको. नळाचे तोंड छपरातून निघते त्या जागेपासून तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आतील कोणत्याही उंच भागापेक्षा, म्हणजे आढ्यापेक्षाही, दोन फूट वर असावे. नाहीतर आमच्याकडचा पावसाळी वारा धूर उलटा घरात ढकलतो. वर टोपी हवीच.

नळ जोडताना वरच्या नळाचे टोक खालच्या नळाच्या आत बसवावे. पुष्कळ जण उलटे जोडतात. मग ओल्या लाकडाचा काळा चिकट रस सांध्यातून बाहेर ओघळतो, भिंत खराब होते आणि तोच रस पुढे पेटतो. जुने ॲस्बेस्टॉसचे नळ घरात असतील तर ते घरी कापू नयेत. त्यांची धूळ छातीत गेली की परत निघत नाही.

काम झाले की एक चाचणी करा. चुलीच्या तोंडाशी पेटता कागद धरा. ज्वाळा आत ओढली गेली तर काम जमले. बाहेर आली तर कारागिराने मजुरी घेऊ नये, आधी दोष शोधावा.

काय जाळावे, काय जाळू नये

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. ते पाणी उडविण्यात आच जाते आणि धूर, काजळी वाढते. लाकूड पाऊस सुरू होण्यापूर्वी फोडून, आडोशाला, खालून वारा खेळेल असे रचावे. दोन ओंडके एकमेकांवर आपटल्यावर टणक खणखणीत आवाज आला तर ते वाळले. बद्द आवाज आला तर अजून ओले.

प्लॅस्टिक, टायर, रंग दिलेले लाकूड, प्लायवूड यांचा धूर विषारी असतो. आमच्या भागात आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. औद्योगिक वसाहतीतून भंगारात येणारी लाकडी पॅलेट आणि खोकी स्वस्त मिळतात. त्यांवर रसायन सांडलेले असेल तर ती सरपण म्हणून विकू नयेत आणि घेऊही नयेत. काजूच्या टरफलातील तेल तिखट असते. त्याचा धूर डोळे आणि घसा जाळतो, म्हणून ते घरच्या चुलीत नको. निखाऱ्यावर रॉकेल तर कधीच ओतू नये.

न दिसणारा शत्रू

आमच्या नात्यातील एका घरची ही गोष्ट. जुलैचा पाऊस, बाळंतिणीची खोली, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, आणि खाटेखाली शेकासाठी कोळशाची शेगडी. धूर नव्हता, म्हणून कोणाला भीती वाटली नाही. पहाटे मुलगी म्हणाली, “खाला, डोकं फार दुखतंय, मळमळतंय.” खालांना वाटले अशक्तपणा असेल. बाळ हाक मारूनही नीट जागे होईना, तेव्हा त्यांनी दार उघडून दोघांना बाहेर आणले. दवाखान्यात नेले, दोघे वाचले. आणखी तासभर गेला असता तर काय झाले असते याचा विचार आजही करवत नाही.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, झोप ही त्याची लक्षणे. एकाच खोलीतील दोघांना एकदम असे वाटू लागले तर ताप समजू नका, आधी बाहेर या. शेगडी बाहेर पेटवून ‘धूर गेल्यावर’ आत आणली म्हणजे धोका गेला, ही समजूत साफ चुकीची आहे. बंद खोलीत शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. बाळंतिणीला शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

धुराचे नुकसानही लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. चुलीजवळ सर्वांत जास्त वेळ कोण बसते, हे सांगायला नको.

रोजची शिस्त

धुराडे महिन्यातून एकदा झाडावे, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. दोरीला काथ्याचा बोळा बांधून वरून खाली ओढला तरी काम होते. नळातून घरघर आवाज येऊ लागला आणि नळ लाल झाला तर आत काजळी पेटली आहे असे समजा. चुलीचे तोंड आणि राखेचे दार ओल्या मातीने बंद करा, माणसे बाहेर काढा, अग्निशामक दलाला कळवा. वरून नळात पाणी ओतू नका.

राखेतील निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घालून घराबाहेर ठेवावी. पेंढ्याच्या उडवीजवळ टाकू नये. चुलीजवळ ओढणीचे टोक खोचून घ्यावे. भाजल्यास वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. पेस्ट, शाई, हळद लावू नये.

कारागिरांसाठी दोन शब्द

पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी आगीच्या भागाला जस्ताचा पत्रा वापरू नये. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि वेल्डिंग करताना त्याने थंडीताप भरतो. काळा, जाड पत्रा घ्यावा. रसायनाचे जुने पिंप कापून शेगडी करण्याचा मोह टाळावा. रिकाम्या पिंपातही वाफ उरते आणि कटरची ठिणगी लागताच पिंप फुटते. चार पैसे वाचविण्यासाठी हात-पाय, कधी जीवही जातो.

धंद्याचा हिशेब असा. गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी, वाळल्या लाकडाच्या किलोत सुमारे ३,५००. गॅसच्या शेगडीत ६० टक्के आच भांड्याला मिळते असे धरले, तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करायला तीन दगडांच्या चुलीत, जिथे जेमतेम १० टक्के आच कामी येते, २६० किलोहून जास्त लाकूड लागेल. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सुधारित चुलीने निदान २५ टक्के आच दिली पाहिजे. तशा चुलीत हेच काम सुमारे ११० किलोत होते. वाचलेले दीडशे किलो लाकूड तुमच्या गिऱ्हाइकाला दाखवा. लाकडाचा भाव त्याला ठाऊक आहेच.

आमची सूचना एवढीच की चूल विकताना धुराडे, टोपी, जाळी आणि वर्षातून दोनदा साफसफाई यांचा एकच भाव सांगावा. एक साफसफाई पावसाच्या आधी, एक नंतर. चूल एकदा विकली जाते, पण जाळी, नळ आणि साफसफाई दरवर्षी लागते. जो कारागीर आगोटीपूर्वी स्वतः जाऊन आपली चूल तपासून येईल, त्याला पुढचे गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.