दाराबाहेरचा माणूस

वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराविषयीं आपल्याकडे अभिमानानें बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. १९२८ सालीं जमनालाल बजाज यांनीं आपल्या घराण्याच्या या मंदिराचें दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडें केलें. सनातनी मंडळींचा रोष त्यांनीं पत्करला, पण पाऊल मागें घेतलें नाहीं. मुलांना ही गोष्ट सांगतांना दार उघडणाऱ्याचें नांव आपण आवर्जून सांगतों. परंतु त्या दाराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या जो उभा होता, तो कसा दिसे, हें सांगतों काय?

तो दिसावा म्हणून एका चित्रकारानें कुंचला हातीं धरला. सविंद्र ऊर्फ सवी सावरकर हे दलित समाजांतील चित्रकार. त्यांचा जन्म १९६१ सालीं वर्ध्याशेजारच्या नागपुरांत झाला. याच नगरींत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. नागपूर व बडोदें येथें कलेचें शिक्षण घेऊन सावरकरांनीं पुढें दिल्लीच्या कला महाविद्यालयांत अध्यापन केलें.

त्यांच्या चित्रांत एक माणूस पुनःपुन्हा भेटतो. त्याच्या गळ्यांत मडकें आहे. पेशव्यांच्या पुण्यांत अस्पृश्यास थुंकीसाठीं गळ्यांत मडकें अडकवावें लागे आणि स्वतःच्या पावलांखालची धूळ झाडून टाकण्यासाठीं कमरेस झाडू बांधावा लागे, असें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं लाहोरच्या सभेसाठीं लिहिलेल्या, पण प्रत्यक्षांत न झालेल्या, भाषणांत नमूद केलें आहे. पुस्तकांतील असें वाक्य आपण वाचतों आणि पान उलटतों. चित्र तसें उलटतां येत नाहीं. सावरकरांची रेघ सुबक नाहीं; ती जाड आहे, ओबडधोबड आहे, कोठें ओरखड्यासारखी आहे. हीं चित्रें दिवाणखान्यांत शोभतील काय, असें कोणी विचारील. शोभेसाठीं तीं काढलेलींच नाहींत.

वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे. तेथील भिंतींवर देवादिकांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत व तीं पाहावयास आपण हौसेनें जातों. चिताऱ्यानें धन्याच्या मर्जीप्रमाणें रंगवावें, ही तेव्हांची रीत. गळ्यांत मडकें असलेल्या माणसास अशा भिंतीवर जागा कोण देणार? ती जागा सुमारें दोन शतकांनंतर त्याच्याच समाजांतील एका हातानें भरून काढली.

झालें गेलें गंगेला मिळालें. आतां त्या आठवणी उकरून काय साधणार, असा प्रश्न येईल. आपले पूर्वज कांहीं दुष्ट नव्हते, असेंहि म्हटलें जाईल. नव्हतेच, आणि विचार करावयाचा तो नेमका याच गोष्टीचा. माझी आजी मोठी प्रेमळ. दारीं आलेला कोणी उपाशी परत गेल्याचें मला आठवत नाहीं. पण मागील दारच्या कोनाड्यांत एक कप निराळा ठेवलेला असे. चहा त्यांत वरून ओतला जाई आणि पिणाऱ्यानेंच तो विसळून पुन्हा जागेवर ठेवावयाचा. तो कप कधीं स्वयंपाकघरांत आला नाहीं, आणि त्यांत कोणास कांहीं वावगेंहि वाटलें नाहीं.

सावरकरांच्या चित्रांतील मडकें पाहतांच मला प्रथम तो कप आठवला. त्यांतून चहा पिणारा वर्षानुवर्षें आमच्या मागील दारीं येत होता. त्याचें नांव मीं घरीं विचारलें. तें कोणालाच सांगतां आलें नाहीं.