पाणी, प्लॉट आणि फादर

विरार फास्टमध्ये नीट उभं राहायला मिळालं तरी आपण खूश! वसईला उतरायचं, फ्लॅट गाठायचा, नळ सोडायचा. पण या पाण्यावरून इथे केवढं रामायण घडलंय, ठाऊक आहे?

ऐंशीच्या दशकात बिल्डरांची नजर वसईच्या केळी-पानवेलींच्या वाड्यांवर गेली. नव्या इमारतींची तहान भागवायला टँकर गावातल्या विहिरी उपसू लागले. समुद्र तर शेजारीच. उपसा वाढला की गोड्या विहिरीत खारं पाणी शिरतं, आणि मग बागायत संपलीच म्हणायची. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे कोण? फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

धर्मगुरू आणि मोर्चात? मला तर ते अगदी सरळ वाटतं. ज्याची विहीर खारट झाली, त्याला नुसतं प्रवचन देऊन काय उपयोग? आणि विहीर आटताना ती काही धर्म विचारत नाही.

तशी ही सवय इथल्या चर्चला जुनीच. आजची बॅसिन कॅथॉलिक बँक मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने 1918 साली पतपेढी म्हणून सुरू झाली. (आता तिथे एटीएमही आहे, बॉस!)

फादर 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 मध्ये गेले. इमारती काही थांबल्या नाहीत. तुम्ही-आम्ही त्यांतच तर राहतो. एखाद्या रविवारी मॉल सोडा, रिक्षाने भुईगावच्या बाजूला जा. वाड्या अजून आहेत. विहिरीही.