कपाटातलं इंजेक्शन

शेंगदाण्याची चिक्की दिसली की आपल्या झरीच्या पोरांचा केवढा गलका होतो! पण एखाद्याच्या जिवावर तोच शेंगदाणा बेतू शकतो. कुणाला दूध सोसत नाही, कुणाला मधमाशीचा डंख. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडतो. ही तीव्र अ‍ॅलर्जी. त्यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन. मांडीत टोचायचं, तेही लगेच.

खरं सांगू? ‘मला हे सोसत नाही’ म्हणणारं मूल मला पूर्वी नखरेल वाटायचं. सब्रिनाची गोष्ट वाचली आणि लाज वाटली.

सब्रिना शॅनन कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातली, तेरा वर्षांची. तिला दुधाची अ‍ॅलर्जी होती. सप्टेंबर २००३ मध्ये तिनं शाळेत बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. वाढायच्या चिमट्याला दुधाचा अंश लागला असावा. तिचा श्वास कोंडला. इंजेक्शन होतं, पण तिच्या कपाटात! ते आणेपर्यंत उशीर झाला.

तिची आई सारा रडत बसली नाही. तिनं सरकारचा पाठपुरावा केला. २००५ मध्ये ‘सब्रिनाचा कायदा’ मंजूर झाला, १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. अशा प्रत्येक मुलासाठी शाळेनं योजना आखायची, शिक्षकांना शिकवायचं. प्रसंग आला, तर शिक्षक आधी परवानगी नसतानाही इंजेक्शन देऊ शकतात, बरं का!

आपल्याकडे प्रथमोपचार पेटी पुष्कळदा कुलपात, अन् किल्ली हेडसरांच्या खिशात! आईबाबांनो, मुलाला काय सोसत नाही ते बाईंना आजच लिहून द्या. डॉक्टरांनी औषध दिलं असेल, तर ते कुठं ठेवायचं हेही ठरवा. आणि श्वास अडला, तर लगेच १०८ ला फोन.