लिंबू-सरबताचे दुकान

चैत्र सरत आला, की सांगलीच्या परिसरात उन्हाचा ताप वाढू लागतो. सांगलीहून बुधगावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माधवनगर आहे. एके काळी येथे कापसाची मोठी गिरणी चालत असे. आज ती नाही. परंतु रस्त्यावरची वर्दळ मात्र कायम आहे. दुपारच्या वेळी या रस्त्याने जाणारा वाटसरू एखाद्या कडुलिंबाची सावली पाहून थबकतो. तेथे कोणी त्याच्या हाती गार सरबताचा पेला दिला, तर तो किती संतुष्ट होईल! समजा, माधवनगरातील एखाद्या शाळेच्या मुलांनी असे दुकान थाटण्याचे मनात आणले, तर त्यांना काय काय करावे लागेल?

मुलांनी दुकान मांडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातील अनेक शाळांत बालवीर आणि वीरबाला यांच्या पथकांचा ‘खरी कमाई’ नावाचा उपक्रम असतो. मुले खाद्यपदार्थ करून विकतात, लहानसहान कामे करतात आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब ठेवतात. ब्रिटनमधील बालवीरांनी १९४९ साली असाच एक उपक्रम सुरू केला होता. घरोघर जाऊन ते एखादे काम करीत आणि त्याबद्दल एक शिलिंग घेत. वडीलधाऱ्यांनी दिलेला खाऊचा पैसा आणि श्रमाने मिळविलेला पैसा यांतील अंतर मुलांना कळावे, हा अशा उपक्रमांचा हेतू होय. सातारा आणि सांगली या भागाला तर हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याचा मार्ग हजारो गरीब मुलांना दाखविला.

दुकान म्हटले, की प्रथम मांडणी हवी. घरातील एखादे मेज उचलून आणले तर काम भागेल; पण स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूची गोडी निराळी. शिवाय मेज करताना जे शिकायला मिळते, ते आयत्या मेजावर बसून मिळत नाही.

कोणतीही वस्तू करण्यापूर्वी ती कागदावर काढावी. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला उभे राहून काम करण्यास ७५ सेंटिमीटर उंचीचे मेज सोयीचे पडते. लांबी १२० सेंटिमीटर आणि रुंदी ४५ सेंटिमीटर पुरे. यापेक्षा मेज मोठे केले तर ते उचलणे कठीण जाते. लहान केले तर पेले, लिंबे आणि भांडी यांची दाटी होते.

लाकूड नवे व उंची असण्याचे कारण नाही. माल भरून आलेल्या देवदारी खोक्यांच्या फळ्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. हे लाकूड हलके व मऊ असल्यामुळे मुलांच्या हातांनीही कापले जाते. मात्र फळी निवडताना तिचे नीट निरीक्षण करावे. तडा गेलेली, कीड लागलेली किंवा पीळ पडलेली फळी घेऊ नये. फळीचे एक टोक डोळ्यांजवळ धरून दुसऱ्या टोकाकडे पाहिले, म्हणजे तिचा बाक तत्काळ ध्यानात येतो. सुतार अशीच परीक्षा करतात. जुने खिळे मोठ्या माणसाच्या मदतीने आधी काढून टाकावेत. गंजका खिळा पायात शिरला, तर धनुर्वाताची भीती असते.

हत्यारे थोडीच लागतात. करवत, हातोडी, गिरमिट, काटकोन तपासण्याचा गुण्या, मोजपट्टी आणि काचकागद एवढी मिळाली, की काम सुरू करता येते. ‘दोनदा मोजावे आणि एकदा कापावे’ हा सुताराचा नियम आहे. चुकीचे मोजलेले पुन्हा मोजता येते. चुकीचे कापलेले पुन्हा जोडता येत नाही. करवत चालविताना कोणी जाणते माणूस जवळ असावेच.

प्रथम मेजाच्या दोन बाजू तयार कराव्यात. पाच सेंटिमीटर जाडीच्या चौरस रिपांचे, प्रत्येकी ७३ सेंटिमीटर लांबीचे चार पाय कापावेत. दोन पाय परस्परांपासून इतके दूर ठेवावेत, की चौकटीची एकूण रुंदी ४० सेंटिमीटर होईल. मग त्यांना दोन आडव्या पट्ट्या जोडाव्यात. एक अगदी वर आणि दुसरी जमिनीपासून १५ सेंटिमीटरांवर. अशा दोन चौकटी झाल्या, की ११० सेंटिमीटर लांबीच्या चार पट्ट्यांनी त्या एकमेकींना जोडाव्यात. दोन पट्ट्या वर आणि दोन खाली. मेजाचा सांगाडा उभा राहिला.

चौकट काटकोनात आहे किंवा नाही, हे कसे ओळखावे? त्यासाठी शाळेत शिकलेली भूमिती उपयोगी पडते. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले, तर चौकट बिनचूक आहे. वर सांगितलेल्या मापाने प्रत्येक कर्ण सुमारे ८३ सेंटिमीटर भरेल. एक कर्ण लांब व दुसरा आखूड असेल, तर चौकट तिरपी झाली आहे असे समजावे आणि खिळे पक्के बसविण्यापूर्वीच ती सरळ करावी.

आता सांगाडा हातांनी हलवून पाहावा. तो डावीकडे-उजवीकडे झुलतो! खिळे अनेक मारले, तरी तो झुलतच राहतो. पुष्कळ मुले येथे आणखी खिळे ठोकतात आणि लाकूड मात्र फाटते. दोष खिळ्यांचा नसतो, आकृतीचा असतो. चार पट्ट्यांचा चौकोन बाजूंची लांबी न बदलताही कलू शकतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही, कारण तीन बाजू ठरल्या की त्याचा आकारही ठरतो. म्हणून मागच्या बाजूला खालच्या एका कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकावी. तशीच एकेक पट्टी दोन्ही बाजूंना लावावी. तिरपी पट्टी जागेवर धरूनच तिच्यावर खूण करावी, म्हणजे माप चुकत नाही. एवढे होताच तो झुलणारा सांगाडा खडकासारखा स्थिर होतो. रेल्वेचे लोखंडी पूल आणि विजेचे उंच मनोरे पाहावेत; त्यांतही असेच त्रिकोण दिसतील.

ही दक्षता केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. वीस लिटर पाण्याचे वजन वीस किलोग्रॅम असते. त्या वजनाचे भांडे डळमळीत मेजावरून घसरले, तर पलीकडे उभ्या असलेल्या लहान मुलाचा पाय मोडेल. दुसऱ्याने विश्वासाने जवळ यावे अशी वस्तू करणाऱ्याने तिच्या बळकटपणाची जबाबदारीही घ्यावी लागते.

सांगाड्यावर पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या तीन फळ्या बसविल्या, की मेजाचा पृष्ठभाग तयार होतो. फळ्यांमध्ये थोडी फट ठेवावी. लाकूड पाण्याने भिजले, की ते रुंदीकडून फुगते. फट नसेल तर फळ्या एकमेकींना रेटून वर उचलल्या जातात. दोन सेंटिमीटर जाड फळीला पाच सेंटिमीटर लांबीचा खिळा योग्य होय. फळीच्या टोकाजवळ खिळा मारण्यापूर्वी गिरमिटाने बारीक छिद्र पाडावे, म्हणजे फळी चिरत नाही. सर्व कडा काचकागदाने घासून घ्याव्यात. खालच्या पट्ट्यांवर दोन फळ्या टाकून फडताळ करावे आणि पाण्याचा जड माठ तेथेच ठेवावा. भार जितका खाली, तितके मेज कलंडण्याचे भय कमी.

सावलीसाठी चार कोपऱ्यांना चार उंच काठ्या बांधून त्यांवर कापड ताणता येते. पुढच्या काठ्या दोन मीटर आणि मागच्या थोड्या आखूड ठेवाव्यात. वळीव अचानक येतो. कापडाला उतार नसेल, तर त्यात पाणी साचून काठ्या मोडतात. दुकान रहदारीच्या रस्त्याला लागून मांडू नये. शाळेच्या आवारातील एखादे झाड अधिक चांगले.

आता सरबत. पाणी प्रथम खळखळून उकळावे आणि झाकून निवू द्यावे. नंतर ते माठात भरावे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. म्हणून आतील पाणी गार राहते. असा माठ असताना बर्फाची आवश्यकता नसते. बाजारातील सर्वच बर्फ खाण्याजोगा नसतो. पाणी निवल्यावरच लिंबू पिळावे, कारण लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. या जीवनसत्त्वाअभावी पूर्वी लांबच्या प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत आणि अनेक जण दगावत. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने जहाजावरील बारा रोगी खलाशांना वेगवेगळे उपचार देऊन पाहिले. ज्या दोघांना संत्री व लिंबे दिली, ते सर्वांत लवकर बरे झाले. सरबत काचेच्या, चिनी मातीच्या किंवा पोलादी भांड्यात करावे. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट रस कळकतो आणि तो अपायकारक असतो.

दिवस मावळला. समजा, दहा रुपयांना एक याप्रमाणे चाळीस पेले खपले. डब्यात ४०० रुपये जमले. मुलांना वाटेल, चारशे रुपये मिळाले! परंतु वही काय सांगते? लिंबे १०० रुपयांची, साखर ४५ रुपयांची, मीठ व वेलची १५ रुपयांची आणि पाणी उकळण्याचे इंधन ३० रुपयांचे. एकूण खर्च १९० रुपये. राहिले २१०. तेही सर्व कमाईचे नव्हेत. फळ्या व खिळे यांना ४२० रुपये लागले असतील, तर अशी दोन दिवसांची शिल्लक त्यांची फेड करण्यातच जाईल. खरी कमाई सुरू होईल ती तिसऱ्या दिवशी. आणि त्या कमाईत सकाळपासून राबलेल्या हातांची मजुरी अजून धरलेलीच नाही!

हा हिशेब एकदा केला, की रस्त्यावरच्या रसवंतीवाल्याकडे किंवा भाजीवालीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तिच्या पाटीतील पैसे म्हणजे तिची कमाई नव्हे, हे मुलांना आता कोणी सांगावे लागत नाही. दोन रुपयांसाठी तिच्याशी हुज्जत घालताना त्यांची जीभ अडखळते.

सुटी संपते, पाऊस येतो आणि सरबताचे दुकान बंद होते. मेज मात्र राहते. वर्गाच्या एका कोपऱ्यात त्याच्यावर पुस्तके मांडली जातात, खालच्या फडताळावर प्रयोगाची भांडी बसतात. कोणी त्याला टेकून उभे राहिले, तरी ते हलत नाही. मागच्या बाजूला वाकून पाहिले, म्हणजे त्याचे कारण दिसते: एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेलेली एक साधी तिरपी पट्टी.