‘एसए’चा पासवर्ड रिकामा असायचा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीला ऑफिसातला जुना कॉम्प्युटर काढायला निमित्त मिळालं. त्यात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची एक फाईल होती: सभासद, पार्किंग, थकबाकी, भाडेकरूंचे फोन. नव्या कमिटीने सगळा डेटा कुठल्याशा ॲपवर चढवला आणि डबा भंगारवाल्याला दिला, हार्ड डिस्कसकट. कोणी हटकलं नाही.

असे डेटाबेस लिहून देणं हा माझा जुना धंदा. त्यातल्या डॉसच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आधी डीबेस, मग फॉक्सप्रो. एक माणूस, एक मशीन, आणि कुलूप म्हणजे ऑफिसच्या दाराचं.

खरा खेळ सुरू झाला तो २००२नंतर. त्या फेब्रुवारीत मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, कनाकियाकडे टॉवर उठत होते आणि मी सोसायट्यांना, डॉक्टरांना, क्लासवाल्यांना प्रोग्रॅम लिहून देत होतो. आता एकाच वेळी दोघं-तिघं कामाला बसू लागले. अकाउंटंट बिलं काढतोय, तेवढ्यात मॅनेजर पावती फाडतोय. ॲक्सेसची फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये असायची. ती वापरायची तर प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क द्यावा लागे, म्हणजे अख्खी फाईल पेन ड्राइव्हवर ओढून न्यायलाही कोणाला आडकाठी नाही. पासवर्ड होता, पण तो काढून देणारी फुकट टूल्स तेव्हाही मिळत. नेटवर्कची वायर कोणाच्या पायात अडकली की फाईल करप्ट, आणि रात्री मला फोन.

उपाय होता. मायक्रोसॉफ्टचाच एमएसडीई हा डेटाबेस सर्व्हर फुकट होता. तिथे फाईलला कोणी हात लावत नाही. सगळे सर्व्हरकडे मागतात आणि कोणाला काय द्यायचं ते सर्व्हर ठरवतो. कॅशियरला पावती टाकता यावी, खोडता येऊ नये, अशी सोय करता येते. अर्धवट राहिलेली नोंद वीज आल्यावर आपोआप मागे घेतली जाते. मी हे मांडलं की खजिनदार म्हणायचे, ‘आमच्यात विश्वास आहे हो.’ विश्वासाच्या जोरावर पाच जण एकच लॉगिन वापरायचे. मग पावती खोडली कोणी, यावर सर्वसाधारण सभेत तासभर भांडायचे.

त्यात आमच्या धंद्यातल्या लोकांनी सर्व्हर बसवताना ‘एसए’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड रिकामाच ठेवण्याची रीत पाडली होती. मे २००२मध्ये नेमकं तेच खातं हुडकणारा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, आला. पुढे २५ जानेवारी २००३च्या शनिवारी, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले असताना, स्लॅमर नावाचा दुसरा वर्म सुटला. ३७६ बाइट्सचा जीव, पण दहा मिनिटांत जगभरचे बहुतेक उघडे सर्व्हर त्याने धरले, एमएसडीईसकट. त्यावरचा पॅच आदल्या जुलैपासून पडून होता.

एक जुना हिशेबही चुकता करतो. आमच्या भागात तेव्हा एका व्हेंडरचा फार बोलबाला होता. नाव घेत नाही. त्याच्या प्रोग्रॅममध्ये डि’सूझा आडनाव शोधलं की प्रोग्रॅम आडवा. उत्तन-भाईंदरच्या मुलखात डि’सूझा कमी का आहेत? आडनावातल्या त्या ॲपॉस्ट्रॉफीने क्वेरीतलं अवतरण मध्येच बंद व्हायचं आणि पुढची अक्षरं डेटाबेसला हुकूम वाटायची. त्याच फटीतून जाणता माणूस अख्खं टेबल पुसू शकतो. नाव क्वेरीत चिकटवण्याऐवजी पॅरामीटर म्हणून वेगळं पाठवायचं, एवढंच औषध. व्हेंडरसाहेबांनी सल्ला दिला, ‘ॲपॉस्ट्रॉफी न देता टाइप करा.’ दोष प्रोग्रॅमचा आणि आडनाव बदलायचं माणसाने!

पुढची वर्षं मला कंटाळवाणी वाटली. मायएसक्यूएल आधी सनकडे, मग २०१०मध्ये ओरॅकलकडे गेलं. कोणता डेटाबेस चांगला यावर तरुण पोरं तावातावाने भांडली. पैशाचे व्यवहार असतील तर पोस्टग्रेस घ्या, असं मी सांगायचो, आजही सांगतो. पण नावापेक्षा तो इंटरनेटवर उघडा आहे का, हे आधी बघा. जानेवारी २०१७मध्ये बिनपासवर्डचे हजारो मोंगोडीबी पुसून खंडणी मागितली गेली. पंधरा वर्षांत शहाणपण तेवढंच वाढलं होतं.

नाव आणि फोनच्या यादीला काय भाव येतो, हे मीरा रोडला कोणी शिकवायला नको. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्याच कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकन करखात्याच्या नावाने लोकांना धमकावण्याच्या त्या धंद्याचं भांडवल म्हणजे अशा याद्याच.

तरी आज गेटवर वॉचमन टॅबमध्ये कामवालीचा फोटो, कुरियरवाल्याचा नंबर, पाहुण्यांची वेळ टिपतो. तो डेटा कुठे जातो, हे कमिटीला विचारलं तर ‘क्लाउडवर’ एवढंच उत्तर. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य बंधनांना मात्र अठरा महिन्यांची सवलत.

ही सवलत संपायची वाट बघू नका. येत्या वार्षिक सभेत उभं राहून विचारा: ॲडमिनचं लॉगिन कोणाकडे आहे, जुन्या कमिटीची खाती बंद केली का, आणि बॅकअप परत उघडून शेवटचा कधी पाहिला? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.